स्लो कुकरमधल्या बार्बेक्यू रिब्ज: मऊ, पण हाडाला धरून राहिलेल्या

अमेरिकेत बार्बेक्यू म्हटले की लाकडाचा धूर, मंद आच आणि हाताशी भरपूर वेळ या तीन गोष्टी गृहीत धरल्या जातात. टेक्सास, मेम्फिस, कॅरोलायना आणि कॅन्सस सिटी यांच्या पद्धतींत मांसापासून सॉसपर्यंत कितीही मतभेद असले, तरी या तिन्हींबद्दल तिथे दुमत नाही. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याची अडचण मात्र धुरापासूनच सुरू होते. अनेक शहरांत बाल्कनीत कोळशाची शेगडी पेटवण्यास अग्निसुरक्षेचे नियम मनाई करतात, भाडेकरारातही बहुधा तशी अट असते, आणि जानेवारीच्या थंडीत शिकागो किंवा मिनियापोलिसमध्ये बाहेर उभे राहून सहा तास विस्तव सांभाळण्याची हौस फारच थोड्यांना असते. अशा घरांत रिब्ज, म्हणजे डुकराच्या बरगड्या, करायच्या असतील, तर तासन्‌तास मंद आचेवर शिजवणारे विजेचे भांडे, म्हणजे स्लो कुकर, हा सर्वांत सोयीचा मार्ग आहे.

धुराचे कट्टर पुरस्कर्ते याला बार्बेक्यू मानत नाहीत, आणि काटेकोरपणे पाहिले तर त्यांचे म्हणणे खरे आहे, कारण झाकणाखाली वाफेत जे होते ते भाजणे नसून शिजवणे असते. गंमत अशी की या शिजवलेल्या बार्बेक्यूची बरीचशी सामग्री बार्बेक्यूचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या कॅन्सस सिटीतूनच आलेली आहे. लाकडाच्या धुराचा अर्क बाटलीत भरून विकण्याचा उद्योग तिथल्या अर्नेस्ट राइट या औषधविक्रेत्याने १८९५ मध्ये सुरू केला. टोमॅटो आणि मोलॅसिसचा (साखर काढून घेतल्यावर उरलेल्या पाकाचा) जो दाट, गोडसर सॉस आज सर्वत्र बार्बेक्यू सॉस म्हणून विकला जातो, तो त्याच शहराच्या चवीचा आहे. स्लो कुकर घराघरांत पोहोचवणारी रायव्हल ही कंपनीही तिथलीच. मूळ यंत्र अर्विंग नॅक्सन यांचे, आणि त्याचे पेटंट त्यांना १९४० मध्ये मिळाले. लिथुआनियातल्या ज्यू वस्तीत शब्बाथच्या, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या संध्याकाळी घेवड्याचे भांडे बेकरीच्या निवत्या भट्टीत रात्रभर ठेवत असत, ही त्यांच्या आईने सांगितलेली हकिकत त्या यंत्रामागे होती. रायव्हलने १९७० मध्ये नॅक्सन यांचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच यंत्र क्रॉक-पॉट या नावाने बाजारात आणले.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की यंत्राचे गुण आणि दोष दोन्ही त्यातून कळतात. कडधान्य सावकाश शिजवण्यासाठी घडलेले हे भांडे ओलावा फारसा बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे कठीण मांस मऊ करण्यात त्याचा हात धरणारे दुसरे साधन नाही. परंतु मांसाला वरून जो तांबूस-काळपट, किंचित चिकट थर यायला हवा, तो या भांड्यात कधीही येत नाही, मग कितीही तास ठेवा. म्हणून रिब्जचे काम दोन टप्प्यांत करावे लागते: मऊपणा स्लो कुकरमध्ये आणि रंग-चव कोरड्या, प्रखर आचेखाली. बहुतेक घरी रिब्ज फसतात त्या दुसरा टप्पा गाळल्यामुळे आणि पहिल्या टप्प्यात बाटलीभर सॉस ओतल्यामुळे.

रिब्जची निवड

अमेरिकेतल्या दुकानांत डुकराच्या रिब्ज प्रामुख्याने तीन नावांनी मिळतात. बेबी बॅक रिब्ज या पाठीच्या कण्यालगतच्या असतात. त्या आखूड, बऱ्याच वळलेल्या आणि कमी चरबीच्या असून एका रॅकचे, म्हणजे बरगड्यांच्या अख्ख्या पट्टीचे, वजन साधारण ७०० ते ९०० ग्रॅम भरते. नावातल्या 'बेबी'चा जनावराच्या वयाशी संबंध नाही. खालच्या बाजूच्या रिब्जपेक्षा त्या लहान असतात, इतकेच. स्पेअर रिब्ज पोटाच्या बाजूच्या असतात. त्यांची हाडे लांब आणि चपटी, चरबी जास्त आणि टोकाला कूर्चेचा भाग लागलेला असतो. हा कूर्चेचा आणि छातीच्या हाडाचा भाग कापून आयताकृती केलेल्या स्पेअर रिब्जना सेंट लुईस कट म्हणतात. याशिवाय 'कंट्री स्टाइल रिब्ज' या नावाने जे विकले जाते ते बहुधा खांद्याजवळचे मांस असते, त्यात बरगडी असतेच असे नाही. ते शिजवून चांगले लागते, पण या पाककृतीसाठी घेऊ नये.

बेबी बॅकला मागणी जास्त आणि म्हणून भावही जास्त असतो, तरी स्लो कुकरसाठी माझे मत सेंट लुईस कटच्या बाजूने आहे. दीर्घकाळ ओल्या आचेत राहणाऱ्या मांसात थोडी चरबी आणि भरपूर स्नायुबंध असलेले बरे. बेबी बॅकचे कमी चरबीचे मांस थोडा वेळ जास्त झाला की तंतुमय आणि कोरडे लागू लागते, अगदी रसात बुडालेले असले तरीही. पहिल्यांदाच करणाऱ्याने बेबी बॅक घेतल्या तर वेळेवर काटेकोर लक्ष ठेवावे, एवढाच इशारा.

विकत घेताना रॅकची जाडी दोन्ही टोकांना सारखी आहे ना, हे पाहावे. वरच्या बाजूने पांढरी हाडे उघडी दिसत असतील, तर खाटकाने मांस फार खोल काढून घेतलेले आहे असे समजून तो रॅक ठेवून द्यावा. दुसरी गोष्ट लेबलावरील बारीक अक्षरांची. अमेरिकेत पुष्कळसे पॅकबंद पोर्क मिठाचे द्रावण टोचून विकले जाते आणि किती टक्के द्रावण आहे ते लेबलावर लिहिलेले असते. असे मांस घेतले असेल तर पुढे दिलेले मीठ निम्मे करावे, अन्यथा सॉस आटवल्यावर पदार्थ खारट होईल.

गोव्यात आणि मुंबई-पुण्यातल्या कोल्ड स्टोरेजच्या दुकानांत पोर्क रिब्ज मिळतात, पण त्या बहुधा आडव्या तोडून लहान तुकडे करून देतात. शक्य असेल तर अख्खी पट्टी न तोडता मागावी. तुकडेच मिळाले तरी हरकत नाही, मात्र ते लवकर शिजतात, तेव्हा पुढे दिलेल्या वेळेच्या तास-दीड तास आधीपासून तपासायला सुरुवात करावी. पोर्क न खाणाऱ्यांनी बोकडाच्या मांसाच्या दुकानातून चापांची अख्खी पट्टी घेतली तर पद्धत तीच राहते. त्यावर मांस थोडे असते, म्हणून अशा दोन-तीन पट्ट्या लागतील.

पुढील प्रमाण सुमारे दीड किलो रिब्जचे आहे. एवढ्यात चौघांचे जेवण होते आणि सहा क्वार्टच्या, म्हणजे पावणेसहा लिटरच्या लंबगोल स्लो कुकरमध्ये हा जिन्नस नीट बसतो.

पापुद्रा काढणे

रॅक उलटा करून हाडांची बाजू वर आणली की त्यावर एक चमकदार, दुधी रंगाचा पातळ पापुद्रा ताणून बसवलेला दिसतो. हा कितीही शिजवला तरी विरघळत नाही, चावताना रबरासारखा लागतो आणि मसाला त्या बाजूने आत जाऊ देत नाही. काही दुकानांत तो आधीच काढलेला असतो. नसेल तर रॅकच्या अरुंद टोकाकडून दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाडावर लोण्याच्या बोथट सुरीचे टोक पापुद्र्याखाली सरकवावे आणि हाडावर दाब देत सुरी हलकेच उचलावी. पापुद्रा तंबूसारखा वर येतो आणि खाली बोट जाईल एवढी फट होते. सुरी बाजूला ठेवून त्या फटीत बोट घालून ती रुंद करावी, मग सुटलेली कड कोरड्या पेपर टॉवेलने घट्ट धरावी, कारण नुसत्या बोटांत ती निसटते. दुसऱ्या हाताने रॅक ओट्यावर दाबून धरत कड सावकाश, सरळ आपल्याकडे ओढावी. नशीब चांगले असेल तर संपूर्ण पापुद्रा एकाच पट्टीत निघून येतो. मध्येच फाटला तर पुढच्या हाडावरून पुन्हा सुरुवात करावी. धारदार सुरी या कामाला वापरू नये. ती पापुद्र्याऐवजी हाडांमधले मांस कापते.

यानंतर रॅक कोरडा पुसून घ्यावा. कच्चे मांस नळाखाली धुण्याची आपल्याकडची सवय येथे सोडलेली बरी, कारण शिंतोडे ओटाभर उडतात आणि सोबत जंतूही. दीर्घकाळ शिजल्यावर ते मांसातले मरतात, ओट्यावरचे मरत नाहीत.

कोरडा मसाला

तीन टेबलस्पून ब्राउन शुगर, दोन टेबलस्पून स्मोक्ड पेप्रिका, दोन टीस्पून साधे मीठ, दीड टीस्पून भरड काळी मिरी, दोन-दोन टीस्पून लसूण पावडर आणि कांदा पावडर, एक टीस्पून मोहरीची पूड, एक टीस्पून जिऱ्याची पूड आणि अर्धा टीस्पून तिखट एका वाडग्यात एकत्र करावे. यातला स्मोक्ड पेप्रिका वगळू नये. स्पेनमध्ये ओकच्या धुरावर वाळवलेल्या मिरच्यांची ही पूड असते, आणि जिथे विस्तवच नाही तिथे धुराचा खरा अंश आणण्याचे हे सर्वांत सज्जन साधन आहे. ती मिळाली नाही तर काश्मिरी मिरचीची पूड एक टेबलस्पून घ्यावी आणि वेगळे तिखट घालू नये. गरम मसाला घालण्याचा मोह मात्र टाळावा. लवंग-दालचिनी बंद भांड्यात सहा-सात तास राहिल्या की बाकी सगळ्या चवींवर बसतात.

मसाला दोन्ही बाजूंनी, मांसाच्या बाजूला थोडा जास्त, हाताने दाबून लावावा. लावल्यावर रॅक झाकून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवला तर मीठ आतपर्यंत उतरते. तेवढा वेळ नसेल तर कुकर भरेपर्यंतचा अर्धा तासही पुरतो. रात्रभर ठेवायचा असेल तर ताटात किंवा पिशवीत ठेवावा, स्लो कुकरच्या चिनी मातीच्या भांड्यात नव्हे. ते जाड भांडे एकदा थंडगार झाले की तापायला फार वेळ घेते, आणि तेवढा वेळ मांस जंतूंना मानवणाऱ्या कोमट तापमानात राहते. याच कारणासाठी गोठलेल्या रिब्ज थेट कुकरमध्ये घालू नयेत. आदल्या दिवशी फ्रिजमध्ये ठेवून पूर्ण सुटू द्याव्यात.

कुकर भरणे

भांड्याच्या तळाशी एका मोठ्या कांद्याच्या जाड चकत्या पसराव्यात. त्यांच्यामुळे मांस तळाला लागत नाही आणि पुढे सॉसला गोडवा मिळतो. त्यावर पाव कप ॲपल सायडर व्हिनेगर आणि पाव कप सफरचंदाचा रस ओतावा. (कप म्हणजे येथे अमेरिकन, सुमारे २४० मिलिलिटरचा.) एवढेच द्रव पुरते. प्रेशर कुकरची सवय असलेल्यांना हे फार कमी वाटते आणि हात आपोआप पाण्याकडे जातो. पण स्लो कुकरमधून वाफ फारशी बाहेर जात नाही, आणि रिब्ज स्वतः दीड-दोन कप रस आणि चरबी सोडतात. पाण्यात बुडवलेल्या रिब्जची चव पाण्यात जाते, आणि हाती उकडलेले मांस उरते.

रॅक भांड्यात आडवे एकावर एक रचण्याऐवजी उभे, कडेवर उभे करून, भांड्याच्या भिंतीलगत वळवून बसवावेत. मांसाची बाजू भिंतीकडे आणि हाडांची बाजू आत असावी. स्लो कुकरची उष्णता मुख्यतः भिंतींतून येते, त्यामुळे जाड बाजू तिच्याजवळ राहते. शिवाय सुटणारा रस खाली उतरतो आणि मांसाचा बराचसा भाग त्याच्या वर, वाफेत शिजतो. रॅक मावत नसेल तर मधोमध दोन हाडांमधून कापून दोन भाग करावेत. भांडे किमान अर्धे आणि जास्तीत जास्त दोन-तृतीयांश भरावे. काठोकाठ भरले तर मधला भाग मागे राहतो.

आता सेटिंगचा प्रश्न. बऱ्याच स्लो कुकरमध्ये लो आणि हाय ही दोन्ही बटणे शेवटी जवळपास एकाच तापमानाला, पाण्याच्या उकळबिंदूच्या किंचित खाली, नेऊन ठेवतात. फरक असतो तो तिथे पोहोचायला लागणाऱ्या वेळात. रिब्जसाठी हा फरक महत्त्वाचा आहे, कारण मांसातला कोलॅजेन हा चिवट घटक साधारण ७० अंश सेल्सियसच्या पुढे विरघळू लागतो, त्याचे जिलेटिन होते आणि तेच ओठांना लागणारी मऊ चिकटाई देते. पायाच्या रश्शात जी चिकटाई असते ती हीच. या बदलाला तापमानाइतकाच वेळही लागतो. पोर्क खाण्यास सुरक्षित होते ते ६३ अंशांपर्यंत शिजवून मग तीन मिनिटे तसेच राहू दिल्यावर, असे अमेरिकेच्या कृषी खात्याचे म्हणणे आहे; परंतु त्या तापमानाला रिब्ज सुरक्षित असल्या तरी चामड्यासारख्या असतात. त्या मऊ होतात ९० ते ९५ अंशांच्या आसपास. म्हणून लोवर बेबी बॅक साडेपाच ते साडेसहा तास आणि सेंट लुईस कट सात ते आठ तास ठेवावा. घाई असेल तर हायवर तीन ते चार तासांत काम होते, पण पोत लोवरचाच सरस येतो.

झाकण उघडून पाहण्याची इच्छा आवरावी. प्रत्येक वेळी झाकण काढल्यावर गेलेली उष्णता भरून यायला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो. काचेवर वाफ साचून आतले दिसत नसेल, तर झाकण न उचलता किंचित फिरवावे; थेंब घरंगळतात आणि तेवढे पुरते.

दिवसभर ऑफिसला जाणाऱ्यांची यात अडचण होते, कारण सकाळी आठला लावलेल्या रिब्ज दुपारी तीनलाच तयार होतात आणि संध्याकाळी सहापर्यंत त्यांचा लगदा होतो. उशिरा सुरू होण्याचा टायमर लावणे हा उपाय नव्हे, कारण कच्चे मांस तासन्‌तास कोमट पडून राहते. वेळ संपल्यावर आपोआप वॉर्मवर जाणारा कुकर असेल तर दोन तास निभावून जातात. त्याहून चांगला मार्ग म्हणजे आदल्या रात्री शिजवून रॅक बाहेर काढणे, फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवणे आणि दुसऱ्या दिवशी जेवणाआधी दुसरा टप्पा करणे. थंड झालेले मांस आवळून येते, उचलताना तुटत नाही, आणि रसावर गोठलेली चरबी चमच्याने अख्खी उचलता येते. पाहुणे येणार असतील तेव्हा मी हाच मार्ग सुचवीन.

झाल्या की नाही, हे ओळखणे

थर्मामीटर येथे फारसा उपयोगी पडत नाही, कारण दोन हाडांमधली जागा अरुंद असते आणि टोक हाडाला लागले की आकडा चुकतो. त्याऐवजी हाडांच्या टोकांकडे पाहावे. मांस आकसून हाड सुमारे एक सेंटिमीटर उघडे पडलेले असले पाहिजे. मग चिमट्याने रॅक एका टोकाकडून उचलावा. तो सहज वाकून वरच्या बाजूला मांसाला बारीक भेगा पडल्या, पण तुटला नाही, तर झाला. दोन हाडांमध्ये घातलेली टूथपिक अडखळल्याशिवाय आत जावी. हाड चिमटीत धरून फिरवल्यावर ते मांसात किंचित फिरावे. ते सरळ सुटून हातात आले तर रिब्ज जास्त शिजल्या.

हाडावरून आपोआप गळून पडणारे मांस ही जाहिरातींनी रुजवलेली कल्पना आहे. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या स्पर्धांत अशा रिब्ज जास्त शिजलेल्या समजतात. घास घेतल्यावर दातांनी चावले तेवढेच मांस निघावे आणि हाडावर चाव्याचा स्वच्छ आकार उमटावा, ही तिथली अपेक्षा असते. घरी ज्याला जसे आवडते तसे त्याने करावे, पण पुढे ब्रॉइलरखाली, म्हणजे ओव्हनमधल्या वरच्या कांडीच्या प्रखर आचेखाली, जायचे असल्याने थोड्या आधी बाहेर काढणे केव्हाही शहाणपणाचे.

सॉस

रिब्ज शिजत असताना, शेवटच्या तासाभरात, सॉस करून ठेवावा. जाड बुडाच्या पातेल्यात एक कप टोमॅटो केचप, पाव कप ॲपल सायडर व्हिनेगर, पाव कप ब्राउन शुगर, दोन टेबलस्पून मोलॅसिस, एक टेबलस्पून वुस्टरशर सॉस, एक टीस्पून तयार मोहरी, अर्धा टीस्पून लसूण पावडर, थोडी मिरी आणि चवीपुरते तिखट घालून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे ढवळत ठेवावे. चमच्याच्या पाठीवर बोट फिरवल्यावर रेघ तशीच राहिली की सॉस झाला. बाटलीतला धूर घालायचा असेल तर तो येथे आणि पाव टीस्पूनच; अर्ध्याच्या पुढे गेला की सॉस कडवट होतो.

मोलॅसिस हा साखर काढून घेतल्यावर उरलेला पाक असल्याने तो कडसर असतो. त्याऐवजी कोल्हापूरकडची काकवी वापरता येते आणि माझ्या मते ती अधिक चांगली लागते, पण तिच्यातली साखर काढलेली नसल्याने ती जास्त गोड असते. तेव्हा ब्राउन शुगर निम्मी करावी. वुस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही नावाचे मासे असतात, त्यामुळे माशांची ॲलर्जी असणाऱ्यांनी तो वगळून एक टीस्पून चिंचेचा कोळ घालावा. त्या सॉसच्या आंबटपणातही चिंचेचा वाटा असतोच.

कुकरच्या तळाचा रस फेकून देऊ नये. तो गाळून, वरची चरबी काढून, वेगळ्या पातेल्यात एक-तृतीयांश होईपर्यंत आटवावा आणि त्यातले तीन-चार चमचे सॉसमध्ये मिसळावेत. बाटलीतल्या विकतच्या सॉसमध्येही हा रस घातला तर तो घरचा वाटू लागतो. मात्र आटल्यावर रसातले मीठ तीव्र होते, म्हणून आधी चव पाहावी.

ब्रॉइलरखाली

हाच टप्पा सगळ्या खटाटोपाला बार्बेक्यूचे रूप देतो. बेकिंग ट्रेवर फॉइल अंथरावे. बेकिंगचा कागद वापरू नये, ब्रॉइलरच्या जवळ तो पेट घेतो. काचेची भांडीही चालत नाहीत, आणि कुकरचे चिनी मातीचे भांडे तर कधीही नाही. ब्रॉइलरच्या कांडीपासून ट्रे सुमारे पंधरा सेंटिमीटर खाली राहील अशी जाळी लावून ब्रॉइलर पाच मिनिटे आधी सुरू करावा. दोन रुंद उलथने घालून किंवा दोन चिमट्यांनी दोन्ही टोके धरून रॅक बाहेर काढावा आणि मांसाची बाजू वर करून ट्रेवर ठेवावा. आता तो पेपर टॉवेलने हलक्या हाताने, फक्त टिपून, कोरडा करावा. पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत त्याचे तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि मांसाला तांबूस रंग व भाजल्याची चव येते ती त्याच्या बरीच वर. कोरडा केलेला रॅक आधी सॉसशिवाय दोन-तीन मिनिटे ब्रॉइलरखाली ठेवावा.

मग ब्रशने सॉसचा पातळ हात फिरवावा आणि ट्रे परत आत ठेवावा. येथून पुढे ओव्हनसमोरून हलू नये. साधारण मिनिटाभरात सॉसला कडेने बारीक बुडबुडे येतात, ते मधोमध सरकतात, मोठे होतात, आणि मग त्यांच्या माथ्यावर गडद ठिपके पडू लागतात. हाडांच्या टोकांजवळचा सॉस सर्वांत आधी काळा होतो. ठिपके तपकिरी असताना बाहेर काढले तर चव खमंग आणि किंचित कडसर येते. ते काळे पडून धूर निघू लागला की साखर जळलेली असते आणि तो कडूपणा जात नाही. या दोन अवस्थांमध्ये जेमतेम अर्धा मिनिट असतो. तीन मिनिटांनी बाहेर काढून दुसरा हात द्यावा, पुन्हा दोन मिनिटे ठेवावे. दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा नेहमीच चांगले बसतात, कारण जाड थर वरून जळतो आणि खाली ओलाच राहतो.

ब्रॉइलर नसलेल्या ओव्हनमध्ये सर्वांत वरच्या जाळीवर २३० अंशांना दहा-बारा मिनिटे लागतात. भारतातल्या ओटीजीमध्ये फक्त वरची कांडी चालू ठेवावी. एअर फ्रायर असेल तर तीन-तीन हाडांचे तुकडे करून २०० अंशांवर पाच ते सात मिनिटे ठेवावेत. आचेचा झोत सगळीकडून लागत असल्याने तेथे कडा फार सुरेख होतात. लाकडाच्या धुरावर भाजलेल्या मांसात वरच्या गडद थराखाली जी गुलाबी कड दिसते ती या कोणत्याच मार्गाने येत नाही, कारण ती जळत्या लाकडातल्या वायूंमुळे तयार होते. कापल्यावर आतले मांस करडे दिसले तर काही बिघडले आहे असे समजू नये.

बाहेर काढल्यावर रॅक दहा मिनिटे तसाच राहू द्यावा, मग उलटा करून हाडांच्या बाजूने दोन-दोन हाडांमध्ये सुरी चालवावी. त्या बाजूने हाडे दिसतात आणि काप सरळ जातो. कॅन्सस सिटीत सोबत पांढऱ्या पावाचे काप, लोणच्यातली काकडी आणि गोडसर बीन्स असतात. आपल्याकडची कोबीची कोशिंबीर, लिंबू जरा जास्त पिळलेली, कोलस्लॉच्या, म्हणजे तिकडच्या कोबीच्या सॅलडच्या, जागी अगदी चपखल बसते, आणि एवढ्या गोड सॉसनंतर तिचीच गरज असते.

उरलेल्या रिब्ज दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेल्या पाहिजेत. तिथे त्या तीन-चार दिवस टिकतात. पुन्हा गरम करण्यासाठी स्लो कुकर वापरू नये, तो त्या कामासाठी फारच सावकाश आहे. फॉइलमध्ये चमचाभर पाणी किंवा आटवलेला रस शिंपडून, पुडके घट्ट बांधून १५० अंशांच्या ओव्हनमध्ये पंचवीस मिनिटे ठेवावे आणि खाण्याआधी पुडके उघडून एक मिनिट ब्रॉइलरखाली धरावे.